उकळायची गरज नाही

मीरा, काल तू घरच्या ग्रुपवर टाकलेला व्हिडिओ मी चष्मा पुसून पुन्हा पुन्हा पाहिला. खाली तू विचारलं आहेस, "आजी, हे तुझ्या दारव्ह्याचे सर ना? हे खरं आहे का? इथे माझ्या मैत्रिणीच्या आईनं तांब्याची बाटली विकत घेतली." तन्मयनं त्यावर नुसता हसरा चेहरा टाकला. मी उत्तर लिहायला घेतलं, पण ते फोनवर मावेना. म्हणून हे कागदावर लिहिते आहे. पानांचे फोटो काढून पाठवीन. तुम्ही दोघा भावंडांनी मोठ्यानं वाचा, म्हणजे तुमचं मराठीही जरा गंजायचं थांबेल.

हो, सर तेच. मागे गणपती आहे, तो आमच्या कॉलनीच्या मंडळाचा. आणि पहिल्या रांगेत मोरपंखी साडी नेसून, मान खाली घालून पर्समध्ये काहीतरी शोधणारी बाई दिसते ना, ती मी. मला पर्समध्ये काही शोधायचं नव्हतं. सर बोलायला उभे राहिले की मी पर्समध्येच बघत असे. बाकी सगळे टाळ्या वाजवताना दिसतात.

टाळ्या ज्या वाक्याला पडल्या ते तुम्ही ऐकलंच आहे: "तांब्याच्या लोट्यात तुळशीचं पान टाकून ठेवलेलं पाणी उकळायची गरज नाही. उकळणं हे ज्यांच्याकडे तांबं नव्हतं, त्यांचं शास्त्र!"

हे वाक्य परत घेता यावं, एवढी एकच इच्छा धरून हा माणूस पुढची सगळी वर्षं जगला. व्हिडिओत ते नाही.

मी क्रमानं सांगणारी बाई आहे. माझ्या मसाल्याच्या डब्यांवरसुद्धा इंग्रजीत चिठ्ठ्या असतात, नागपूरच्या नन्सनी लावलेली सवय. पण सर क्रमात बसणारे नव्हते, त्यामुळे जसे आठवतील तसे सांगते. त्यांचं नाव लिहीत नाही. व्हिडिओतही ते नाही, आणि त्यांच्या पत्नीला, म्हणजे वहिनींना, आता ते कुठे उमटलेलं नको असतं.

सर आमच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचे, मी इंग्रजी. घरं एकाला एक लागून, मध्ये कमरेएवढी भिंत. त्या भिंतीवरून त्यांचं डोकं दिसे आणि डोक्यावर शेंडी. शेंडी चांगली बोटभर जाड, आणि शर्टाच्या खिशात पेनाशेजारी थर्मामीटर. तापाचा नव्हे, प्रयोगशाळेतला, लांब. सकाळी पूजेला बसले की आधी तो देवाच्या स्नानाच्या पाण्यात बुडवत. हिवाळ्यात पाणी फार गार असलं तर वहिनींना हाक मारत, "अवो, थोडं गरम आणा. थंडी काय फक्त आपल्यालेच वाजते?"

देवळात गेले की घंटा एकदाच वाजवायचे आणि नाद पूर्ण विरेपर्यंत डोळे मिटून, कान टवकारून उभे राहायचे. मागे लोकांची रांग. कोणी दुसऱ्यांदा घंटा वाजवली की वळून म्हणत, "अहो, माझं मोजणं बिघडवलं न तुम्ही." काय मोजत होते ते कोणालाच कळलं नाही. मी रांगेत असले तर हळूच दोन माणसं मागे सरकत असे.

एकदा आमच्याकडे संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. सर वहिनींना सोडायला आले आणि बायकांची गर्दी पाहून थांबले. गर्दी पाहून थांबणं हा त्यांचा स्वभावच. कुणाच्या तरी हातून माझ्या नव्या क्रीम रंगाच्या साडीवर हळद सांडली होती. "मॅडम, हलू नका," म्हणाले, मोरीवरची साबणाची वडी ओली करून आणली आणि सगळ्या बायकांसमोर माझ्या पदरावर घासली. पिवळा डाग लालभडक झाला. "बघा! झालं न कुंकू? हळदीला क्षार लागला की लाल. चुन्यानं करा, साबणानं करा. आपल्या आज्या-पणज्या रसायनशास्त्रच कपाळाला लावत होत्या!" बायका थक्क. मी पदर मुठीत धरून आत गेले. डाग पुढे फिका झाला, पण साडी मी परत नेसले नाही. तुमचे आजोबा मात्र महिनाभर मला "प्रात्यक्षिक" म्हणून हाक मारत होते.

आणि गंमत पाहा, हळदीचं ते खरं होतं. सरांचं बहुतेक खरंच असायचं. तांब्याचंही त्यांनी कॉलेजच्या प्रयोगशाळेत करून पाहिलं होतं. चिंचेनं लख्ख घासलेला लोटा, स्वच्छ बोअरचं पाणी, रात्रभर ठेवलेलं. सकाळी जीवाणू जवळजवळ नाहीसे. ज्या दिवशी ते दिसलं त्या दिवशी ते भिंतीवरून मला म्हणाले, "मॅडम, माझी आई रोज हेच करे. तिले कोणी शिकवलं होतं?" त्यांचे डोळे भरले होते. आई चौथी शिकलेली. तिच्या देवघरावर सायन्सवाले मित्र हसायचे, हे त्यांनी कॉलेजात असताना सोसलं होतं. देवघर आणि प्रयोगशाळा एकमेकांशी गोड बोलतायत, एवढंच त्यांना पाहायचं होतं. ते दिसलं, आणि मग त्यांना थांबता आलं नाही.

रिटायर झाल्यावर तर त्यांना बोलावणीच बोलावणी. गणपती, शारदोत्सव, महिला मंडळ. भाषण ठरलेलं: आपल्या परंपरेतलं विज्ञान. प्रत्येक भाषणात लोटा थोडा मोठा होत गेला. आधी "रात्रभर ठेवलेलं" होतं, मग नुसतं "ठेवलेलं" झालं. "घासलेला" हा शब्द कधी गळाला ते मला आठवत नाही. टाळ्यांच्या आड येणारे शब्द माणसाच्या तोंडून आपोआप गळतात, मी वर्गात हे पुष्कळ पाहिलं आहे. त्या गणपतीत तुळशीचं पान आलं, आणि "उकळायची गरज नाही" आलं.

मंडपात त्या दिवशी मागे, उभ्या राहिलेल्या बायकांत जमनीबाई होती. आर्णी रस्त्यावरच्या तांड्यावरची, बंजाऱ्यांची. सीझनप्रमाणे आमच्या कॉलनीत तुरीच्या शेंगा, बोरं, सीताफळं घेऊन यायची. अंगानं काटक, जीभ तिखट. भाव करणाऱ्या बाईला ती म्हणे, "बाई, माल घ्याचा नसन तं हात कायले लावता? हात लावल्यानं पिकते काय?" मी तिच्याशी भाव कधी केला नाही, भीतीपोटी.

दसऱ्याच्या आसपास ती सीताफळांची टोपली घेऊन आली. आमच्याकडे न थांबता सरळ सरांच्या ओट्यावर चढली. मी भिंतीपाशी कपडे वाळत घालत होते. सर पेपर वाचत होते.

"हे तुमच्यासाठी हाय सर. पैसे नाही पाह्यजे."

"काहून? आज काय आहे?"

"माही नात वाचली जी. तुमच्या पाण्यानं."

सरांनी पेपर खाली ठेवला. जमनीबाई टोपलीशेजारी उकिडवी बसली आणि सांगायला लागली. तीन वर्षांची नात, पिंकी. हगवण लागली. आशा वर्करनं सांगितलं पाणी उकळून पाज. "पण मी म्हटलं, कायले? आमच्या घरी माह्या मायचा लोटा हाय, लग्नात देल्ला तिनं. तुळस हाय दारात. सरानं मंडपात सांगतलं, ज्यायच्याकडं तांबं नाही त्यायनं उकळाव. मंग मी तेच पाजलं. दिवसभर पाजत राहो." हगवण वाढली. पोरगी मान टाकायला लागली. मग जावई मोटरसायकलवर घालून दवाखान्यात घेऊन गेला, सलाईन लावली, बरेच दिवस ठेवली.

"मंग बरी झाली?" सरांचा आवाज मला नीट ऐकू आला नाही, इतका खाली गेला होता.

"झाली न! डॉक्टरनं सलाईन लावली, पण मी तिथंबी लोटा घेऊन गेलती. लपवून पाजो. सलाईननं काय होते, ताकद तं लोट्यातली होती." आणि ती पुढे वाकली, सरांच्या पायावर डोकं ठेवलं.

सर पाय मागे घेऊ पाहत होते, आणि ते खुर्चीत बसलेले, मागे जाणार कुठे. त्यांचा चेहरा मी पाहिला. कॉपी करताना पकडलेल्या पोरांचे चेहरे मी आयुष्यभर पाहिले, त्यातला एकही इतका पडलेला नव्हता. शिव्या दिल्या असत्या तर माणूस सोसतो. तिनं आभार मानले.

"मला तो लोटा पाहायचा आहे," ते म्हणाले.

वहिनी घरी नव्हत्या, आणि एकटं जायचा त्यांना धीर होईना. भिंतीवरून म्हणाले, "मॅडम, येता का?" म्हणून मीही गेले, शेअरच्या जीपमध्ये, मांडीवर सीताफळांची रिकामी टोपली घेऊन. तांड्यावर जमनीबाईनं चुलीजवळच्या फळीवरून लोटा काढला. बाहेरून सोन्यासारखा घासलेला. सरांनी आत बोट घातलं. बोटाला हिरवं लागलं. लोट्याचं तोंड इतकं अरुंद की आत हात जातच नव्हता. पाणी नाल्याकाठच्या विहिरीचं, पावसाळ्यानंतरचं, चहासारखं. त्यात तुळशीचं पान तरंगत होतं.

पिंकी दारात बसून बिस्कीट खात होती. हातापायाच्या काड्या. आम्हाला पाहून तिनं बिस्कीट पाठीमागे लपवलं.

"जमनीबाई, माझं चुकलं," सर म्हणाले. "मी चुकीचं सांगितलं. पाणी उकळायचंच. लोट्यात ठेवा, नका ठेवू, पण आधी उकळा. पोरगी सलाईननं वाचली. या पाण्यानं ती जाणार होती."

जमनीबाई हसली. मोठ्या माणसानं नम्रपणा दाखवला की आपण हसतो तसं. "असं काय म्हणता सर? तुम्हीच तं माइकवर म्हटलं."

"तेच चुकीचं म्हटलं."

"राहू द्या. तुमचा मोठेपणा हाय."

परत येऊन जीपमधून उतरल्यावर मला म्हणाले, "मॅडम, तिच्या घरात जे होतं त्याला पहिल्यांदा कोणीतरी माइकवरून चांगलं म्हटलं. आता मी ते परत मागून राहिलो. कोण देईल?"

त्या दिवसापासून सरांची दुसरी भाषणं सुरू झाली, आणि माझं पर्समध्ये पाहणं दुप्पट झालं. आधी ते बोलावलं तिथे बोलायचे. आता न बोलावता बोलू लागले.

जीपमध्ये बसले की सुटायच्या आधी उभे राहत, टपाला डोकं लागे म्हणून अर्धवट वाकून. "मंडळी, मी एक वाक्य चुकीचं बोललो होतो..." ड्रायव्हरला पाठ झालं होतं. तो आरशातून म्हणे, "सर, तुमचं पाणी उकळलं का? मंग काढू गाडी?" सगळी जीप हसे. सरही हसत, आणि तरी वाक्य पूर्ण करूनच बसत.

बालाजीच्या देवळात पुजाऱ्याला म्हणाले, "तीर्थ उकळून देत जा."

पुजारी पळी हातात धरून पाहतच राहिला. "काय म्हणता सर? देवाले चटका बसल न!"

"आधी निवू द्या."

पुजाऱ्यानं ते सगळ्या गावाला सांगितलं. सर स्वतः रोज तीर्थ घ्यायला जात राहिले. तळहातावर घ्यायचे, डोळ्यांना लावायचे, डोक्यावरून फिरवायचे. प्यायचे नाहीत. आणि हे सगळं शेंडीवाला माणूस करतोय म्हटल्यावर लोकांनी दोन्हीकडून अर्थ काढले. काही म्हणाले, सर नास्तिक झाले. उलट एक दिवस गावातले एक गृहस्थ, अंधश्रद्धेविरुद्ध पत्रकं वाटणारे, मुद्दाम अभिनंदन करायला आले. "शेवटी आलात आमच्यात!"

सर चिडलेले मी क्वचित पाहिले, तेव्हा पाहिले. "मी कुठंच आलो नाही. देवाचं काही चुकलेलं नाही, अन् विज्ञानाचंही नाही. मी देवाला सर्टिफिकेट द्यायला गेलतो. त्यानं मागितलं होतं का?" गृहस्थ चहा न घेताच उठले.

पुढच्या गणपतीत त्यांनी माइक मागितला. मंडळाची पोरं म्हणाली, "सर, ते मागच्या वर्षीचंच म्हणा न. लय भारी होतं ते." चूक सांगायची आहे म्हटल्यावर माइकच बिघडला. आरतीला तो परत सुरू झाला.

सगळ्यात मोठी लाज आर्णीच्या लग्नात. माझ्या मैत्रिणीच्या मुलीचं लग्न, मीच सरांना आणि वहिनींना बरोबर नेलं होतं. जेवणाच्या पंगतीत प्रत्येक टेबलावर शोभेचा तांब्याचा जग. मी जग पाहिला आणि लगेच सरांकडे पाहिलं, पण खुर्ची रिकामी होती. नवरदेवाच्या मामांच्या हातून माइक घेऊन ते बोलत होते. "जेवताना त्रास देतो, माफ करा..." वराकडचे लोक एकमेकांना विचारत होते, हे पिऊन आले का? कोणाचे पाहुणे आहेत? वहिनी ताटावर डोळे लावून बसल्या होत्या, भात चिवडत. मैत्रीण मला शोधत आली. "अगं, तू आणलंस ना यांना?" मी म्हटलं, "ते शेजारी आहेत." तेवढंच म्हटलं. तेही खरंच होतं.

परतीच्या वाटेवर वहिनींनी तोंड उघडलं. "तुम्हाला लाज नाही वाटत?"

सर खिडकीबाहेर पाहत म्हणाले, "वाटते न. म्हणून तं बोलतो."

मध्येच कधीतरी तो व्हिडिओ आला. मंडळातल्या कोणीतरी जुनं रेकॉर्डिंग कापून, मागे बासरी लावून सोडलं. सरांनी तो माझ्या फोनवर पाहिला. स्वतःचा आवाज बासरीबरोबर ऐकला आणि म्हणाले, "मॅडम, दुसरा काढा." मी त्यांच्या ओट्यावर, तुळशीसमोर उभं करून काढला. त्यांनी सगळं नीट सांगितलं. घासलेला लोटा, रात्रभर, स्वच्छ पाणी, पिंकी, विहीर, हिरवा थर. लांबलचक झाला. मी तो कॉलनीच्या ग्रुपवर टाकला. काही अंगठे आले, एक गुड मॉर्निंग आलं, आणि एकानं लिहिलं, "सर, जुने छोटे वाले पाठवा." तो दुसरा व्हिडिओ अजून माझ्याकडे आहे. मीरा, या पानांबरोबर तो पाठवते. त्यात बासरी नाही.

तांड्यावर मात्र ते शेवटपर्यंत जात राहिले. दर पंधरवड्याला, पिंकीसाठी काहीतरी घेऊन. जमनीबाई त्यांना पितळेच्या पेल्यात पाणी देई, आणि सर पेल्याला हात लावून पाहत. कोमट असे. मग पीत. परत आल्यावर भिंतीवरून मला सांगत, "उकळते मॅडम, आता उकळते ती." गावात दुसरं कोणी ऐकलं नाही, पण तिथे ऐकलं, एवढ्यावर ते वर्षं काढत होते.

मग ते अंथरुणाला खिळले. डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं. शेवटच्या दिवसांत बोलणं कमी झालं, पण शुद्ध होती. एका दुपारी श्वास बदलला तेव्हा वहिनींचे भाऊ म्हणाले, गंगाजल काढा. तुम्ही हे पाहिलेलं नाही, म्हणून सांगते: आपल्याकडे जाणाऱ्याच्या मुखात तुळशीचं पान ठेवून गंगेचं पाणी घालतात. घरोघर देवघरात त्यासाठी एक छोटा बंद लोटा असतो. तांब्याचा.

वहिनींनी मला बाजूला घेतलं. "त्यांनी मला सांगून ठेवलंय, मॅडम. उकळून द्या म्हणून. मी कसं करू? भाऊ आहेत, सगळे आहेत..." चाळीस वर्षांच्या संसारातली सगळी लाज त्या लोट्याभोवती गोळा झाली होती.

मी लोटा घेतला आणि स्वयंपाकघरात गेले. चाकूनं झाकणाचं सील फोडलं, छोट्या गंजात, म्हणजे पातेल्यात, पाणी ओतलं आणि गॅसवर ठेवलं. मागोमाग वहिनींचे भाऊ आले. "अहो, हे काय? गंगाजल गॅसवर? जाणाऱ्याचा तरी विचार करा!" दारात माणसं जमली. माझे कान तापले होते. पर्स जवळ नव्हती. मी गंजात बघत उभी राहिले.

त्या गर्दीतून जमनीबाई आत आली. तिला कोणी कळवलं माहीत नाही. सोबत पिंकी, आता शाळेच्या युनिफॉर्ममध्ये. जमनीबाईनं गंजाकडे पाहिलं आणि मान हलवली.

"तापवा, तापवा. सरांले तापलेलंच लागते. मीबी त्यांच्यापुरतं उकळून ठेवो."

"त्यांच्यापुरतं?" मी विचारलं.

"ते यायच्या दिवशी. त्यांच्या मनाले बरं वाटाव म्हणून. म्हातारा माणूस इतक्या दुरून येते." तिनं पिंकीच्या डोक्यावर हात ठेवला. "छोरीले तं आपल्या लोट्यातलंच देते. तिले त्यानंच तं वाचवलं."

पाण्याला बुडबुडे आले. मी तिच्याकडे पाहिलं. सरांची ती पंधरवड्याची फेरी, तो कोमट पेला, भिंतीवरून येणारं ते "उकळते मॅडम". मी गंज उतरवला, ताटात पाणी घालून त्यात ठेवला आणि गार होईपर्यंत पदरानं वारा घातला.

खोलीत सरांचे डोळे उघडे होते. मी चमचा जवळ नेला तेव्हा ओठ हलले. "उकळलं?"

"उकळलं, सर. निववलं पण."

त्यांनी तोंड उघडलं नाही. ते माझ्या खांद्यावरून मागे पाहत होते, जमनीबाईकडे. मग तिच्या हाताला धरलेल्या पिंकीकडे. "अन् तांड्यावर?"

मला वाटतं त्या खोलीत तो प्रश्न काय आहे हे आम्हा दोघींनाच कळलं. मी जमनीबाईकडे पाहायचं टाळलं.

"उकळते जी, सर," ती म्हणाली. "रोज उकळते. छोरीलेबी तेच देते."

सरांनी तोंड उघडलं. मी तुळशीचं पान ठेवलं, पाणी घातलं. त्यांनी गिळलं. वहिनींचे भाऊ दाराशी पाठ करून उभे होते. दिवेलागणीच्या आधी सर गेले.

गावात आजही सरांची आठवण निघते ती दोन गोष्टींनी. बाहेरगावचे लोक बासरीवाला व्हिडिओ दाखवतात. गावातले लोक म्हणतात, ते ज्यांच्यासाठी गंगाजल गॅसवर ठेवलं होतं ते. आणि मग माझ्याकडे पाहतात. वहिनींच्या भावानं ते सगळ्या नात्यात सांगितलं. बाजारात एक बाई मला अजून "गंगा उकळणाऱ्या मॅडम" म्हणते. मी मान खाली घालून भाजी निवडते.

मीरा, तू विचारलंस, हे खरं आहे का. घासलेला लोटा, स्वच्छ पाणी, पूर्ण रात्र, तर बरंचसं खरं आहे. पण तुझ्या मैत्रिणीच्या आईला सांग, बाटलीच्या आत ब्रश जातो का ते बघा.

उन्हाळ्यात जमनीबाई तांड्याकडच्या फाट्यावर भेटली, सरपणाची मोळी घेऊन. मी म्हटलं, इतकं सरपण कशाला, आता गॅस आहे ना तुमच्याकडे?

"गॅस पुरते काय बाई? रोज मोठ्ठा गंज उकळा लागते. छोरी कटकट करते, धुराचा वास येते म्हणते."

"उकळता? रोज?"

तिनं मोळी खाली टेकवली. तिखट जिभेची बाई, पण माझ्या नजरेला नजर देईना.

"मले अजूनबी वाटते लोट्यानंच वाचली ती," ती म्हणाली. "पण त्या दिवशी मी गंगेसमोर खोटं बोलली न. जाणाऱ्या माणसाच्या तोंडापाशी गंगा होती, अन् मी खोटं बोलली. मंग आता ते खरं करा लागते."